चाळीस मिनिटं पुढे

बाबांचं घड्याळ शेवटी माझ्या मनगटावर आलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. घड्याळ अजून भाऊजींकडेच आहे, असं धरून चालू.

घड्याळ अगदी साधं. चावीचं, स्टीलचं, चारच्या आकड्यापाशी काचेवर ओरखडा. तारीख नाही, वार नाही, ऐट नाही. चौतीस वर्षं बाबांनी त्यात बघून शाळेची घंटा वाजवली. लहानपणापासून माझा त्यावर डोळा. निवृत्त झाल्यावर बाबांनी ते दिलं ताईच्या नवऱ्याला. का, तर "जावई वेळेवर येतात."

मी त्याच घरात राहतो. मी वेळेवर येणार कुठून?

भाऊजी दर रविवारी नऊला यायचे. हात धुताना घड्याळ बेसिनवर काढून ठेवायचे. मी ते दहा मिनिटं पुढे करायचो. त्यांची फजिती व्हावी एवढाच शुद्ध हेतू. पुढे असलेल्या घड्याळाने माणूस लवकर येतो, हे डोक्यातच आलं नाही.

भाऊजी रोज चावी द्यायचे, पण काट्यांना हात लावायचे नाहीत. "ज्याच्यावर शाळा चालली ते चुकेल कसं? माझा मोबाइलच मागे पडतोय."

चार रविवारांत चाळीस मिनिटं झाली. ते नोकरीला असलेल्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांआधी पोहोचू लागले, तर मालकाने किल्ल्याच त्यांच्या हाती दिल्या. आमच्याकडे ते आठ वीसला हजर. मी अंथरुणात, आणि बाहेर बाबा खो-खो हसतायत. माझ्याशी ते "पंखा बंद कर" एवढंच बोलतात. भाऊजींना मात्र एकदा चुकून अर्धा तास आधी शाळा सोडल्याचा किस्सा रंगवून सांगत होते. मला तो माहीतच नव्हता.

दोन महिने सोसलं. मग एका रविवारी बेसिनवरच्या घड्याळाचे काटे मागे करायला गेलो, तर पाठीशी बाबा.

"चाळीस ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घंटेवाला आहे मी."

"मग बोलला का नाहीत?"

"ते लवकर येत होते ना."

त्यांनी भाऊजींना हाक मारली. "जावईबापू, हे आता याला द्या. फार जीव अडकलाय त्याचा."

भाऊजींनी स्वतः पट्टा बांधला. "शेठ, चावी हळू द्या हं."

आता घड्याळ अगदी बरोबर चालतं. भाऊजी मोकळ्या मनगटाने, सवयीने, आठ वीसलाच येतात. बाबा सव्वाआठपासून दारात खुर्ची टाकून बसतात. मी आतून वेळ बघतो. एका मिनिटाचाही फरक नाही.

प्रति, बाबा, मुक्काम दारातली खुर्ची. विषय: बदलीबाबत. सदर अर्जदाराने मुलगा या पदावर सव्वीस वर्षं सलग सेवा केली आहे. तरी त्यास याच घरात जावई या पदावर सामावून घेण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जदार येत्या रविवारी आठ वीसला बाहेरून रुजू होण्यास तयार आहे.