मंत्र चालू असताना

धावत टेकडीवर आलेल्या भागूने जांभळीपाशी चपला काढल्या आणि हात जोडले.

खाली घाटघर गावात त्याची बायको मोहिनी कळांनी तळमळत होती. मूल आडवं आलं होतं. सुईण ठकूबाईने सांगून टाकलं होतं, "माज्या हाताबाहेरचं हाय. गाडी बोलाव."

गावात दोन दिवस वीज नव्हती, सगळ्यांचे फोन मेलेले. चालू होता तो एकट्या वैजयंतीचा, कारण तिने तो परीक्षेसाठी बंद करून जपला होता. आता तो रेंज मिळणाऱ्या फांदीला टांगलेला होता आणि खाली ती डोळे मिटून म्हणत होती,

"अमान्दा, अमान्दाय, अमान्दाय, अमान्दाम..."

फोनवरून लॅटिनची तोंडी परीक्षा होती ती; शब्दाची रूपं म्हणून दाखवायची होती. पास झाली तर शिष्यवृत्ती, नाही तर दिवाळीनंतर लग्न. बापाने तसं बजावलंच होतं. भागूला यातलं काय ठाऊक? त्याच्या घरात विंचवाचा मंत्र म्हणत. मधेच तोडला तर विष उलटं चढतं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. माणूस भीतीपोटी किती शहाण्यासारखा वागतो! ओठ चावत तो उभा राहिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

मंत्र संपला आणि दुसरा सुरू झाला. "अमान्दुस, अमान्दी, अमान्दो..." भागूला खालून किंकाळी ऐकू आल्यासारखं वाटलं. तरी तो हलला नाही.

"छान," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "आता अमान्दाचा अर्थ सांगा."

"जिच्यावर प्रेम करायलाच हवं, ती."

भागूला हुंदका फुटला.

"वैजा, माजी मोहिनी मरतीया गं! फोन दे!"

तिने डोळे उघडले. त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"भागूदादा, कवापास्नं उभा हायेस?"

"मंत्र मोडू न्हाई मनून..."

बाईंचं बोलणं चालू असतानाच तिने फोन तोडला आणि १०८ लावला. गाडी निघतेय, रस्ता विचारायला ड्रायव्हर याच नंबरवर फोन करील, असं उत्तर आलं. भागू तसाच अनवाणी उतारावरून धावत सुटला.

फोन वाजला. तिने झडप घातली. परीक्षेच्या बाई होत्या. ड्रायव्हरचा फोन येईल तेव्हा लाइन मोकळी हवी. तिने कट केला. पुन्हा त्याच. तिने पुन्हा कट केला. बॅटरी लाल झाली होती.

मग कुणाचाच फोन येईना. भागूच्या चपला तिने नीट जोडून ठेवल्या आणि फांदीकडे पाहत राहिली. आपलेही हात जोडलेले आहेत, हे तिला कळलं नाही.