पुलाच्या पोटात

दगड खाणारं ड्रिल एकदम हवा खायला लागलं. ड्रिलवाल्याने बटण दाबेपर्यंत दांडा निसटून पुलाच्या आत पडला होता. टण्ण, टण्ण, आणि मग डुब्ब.

“गेला!” ड्रिलवाला डोक्याला हात लावून खाली बसला. “ताई, मशीन सासऱ्याचं आहे. दांड्याशिवाय गेलो तर बायको घरात घेईल, पण घरही सासऱ्याचंच आहे.”

ताईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती बांधकाम खात्यातली इंजिनीअर. पुलाला जिथे भोक पाडावं तिथे हेच निघत होतं: वर दगड, खाली ठणठणपाळ. आदल्या दिवशीच तिने अहवाल लिहून टाकला होता. आतला भराव वाहून गेला आहे, पूल पोखरला आहे, पाडून टाकावा. खाली फक्त तिची सही व्हायची होती आणि ती घ्यायला साहेब दुपारी स्वतः येणार होते. एरवी साहेब स्वतः कुठे जात नसत. पण पाडायचं म्हटलं की खात्यातल्या लोकांच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे. नव्या पुलाचं चित्र त्यांच्या टेबलावर कधीचं काचेखाली जाऊन बसलं होतं.

पुलाची पहिली कमान काठावरच्या कोरड्या जमिनीवर होती आणि तिच्याखाली आत्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हीच आत्या, जिने आईमागे तिला वाढवलं. अहवालाचं कानावर आल्यापासून आत्याने अबोला धरला होता. आत्याचा अबोला म्हणजे तोंड बंद असं नव्हे. ती भाचीशी बोलायची नाही. भाचीला ऐकू जाईल अशा आवाजात टायरशी बोलायची.

“ऐकलंस का रे,” पहार मागायला ती खाली आली तेव्हा आत्या हातातल्या ट्यूबला म्हणाली, “ज्याच्या सावलीत वाढली त्याच्याच मुळावर उठलीय. शिकवलं मीच. माझेच हात मोडायला हवेत.”

“आत्या, तो आतून पोकळ आहे गं. एखाद्या दिवशी माणसं घेऊन बसेल.”

“पहार त्या कोपऱ्यात आहे म्हणावं,” आत्याने ट्यूबला सांगितलं.

या जागी आधी लाकडाचे पूल झाले होते. नदीने ते काडीसारखे नेले. मग कोणीतरी भक्कम दगडी पूल बांधला, इतका भक्कम की तो स्वतःच्या वजनानेच तळाच्या गाळात रुतला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे दगड अजून डोकं वर काढतात. त्यानंतर हा. रांगेने कमानी, प्रत्येक खांबाला प्रवाहाकडे नावेसारखं टोक, म्हणजे पूर येऊन आपटला तरी दोन्ही बाजूंना फाटून जावा. बांधला कोणी, ते कुठेच कोरलेलं नाही. उद्घाटन केलं कोणी, ते मात्र हातभर अक्षरांत आहे. जग असंच चालतं आणि आपण ते वाचत पुढे जातो.

ड्रिलवाल्याने पहारीने रस्त्याच्या दोन फरशा उचकटल्या. आत अंधार होता.

“मी नाही बुवा जाणार,” तो म्हणाला. “दांडा गेला तरी चालेल. सासराही गेला तरी चालेल.”

ती कमरेला दोर बांधून बॅटरी घेऊन उतरली. पाय टेकले आणि बॅटरी पेटवली.

पोखरलेलं काहीच नव्हतं. समोर एक लांबलचक दालन होतं. दोन्ही बाजूंना ओळंब्यात उभ्या भिंती, डोक्यावर दगडी कमान, बाजूच्या भिंतीत वाकून जाता येईल एवढी वाट आणि पलीकडे तसंच दुसरं दालन, त्यापलीकडे आणखी एक. पायाखालचा दगड फुगत वर गेला होता. ती मोठ्या कमानीच्या पाठीवर उभी होती. खालून नदी घुमत होती. वरून एक ट्रक गेला, आणि त्याची थरथर छतातून भिंतीत, भिंतीतून तिच्या तळव्यांत येऊन निवली. एक खडासुद्धा पडला नाही.

तिने चुन्यावरून हात फिरवला. कमान रचताना खाली धरलेल्या फळ्यांचे ठसे त्यात तसेच होते, लाकडाच्या रेषा, गाठी. त्या फळ्या कधीच्या मातीला मिळाल्या होत्या. आणि दगड? बाहेरच्यासारखेच घासूनपुसून घडवलेले, कडेला कड भिडवलेली. इथे कोण बघायला येणार होतं त्यांना? कोणी नाही. तरी हात आखडला नव्हता.

तिला रुतलेला पूल आठवला आणि सगळं लख्ख झालं. गाळावर ओझं चालत नाही, म्हणून त्यांनी ओझंच ठेवलं नव्हतं. भराव वाहून गेला नव्हता, तो कधी घातलाच नव्हता. पूल उभा होता तो या पोकळीच्या जिवावर. आणि पोकळ दिसलं की कुजलं, असं लिहून ती मोकळी झाली होती. तिच्या कानशिलांना आग लागली.

दांडा उताराच्या टोकाला पडला होता, गुडघाभर पाण्यात. पाणी इथे कसं? तिने चाचपलं. भिंतीच्या बुडाशी, रस्त्यातून झिरपलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हळ होती आणि तिच्या तोंडात बोळा होता. सिमेंटचा. मागच्या वर्षी पुलाला रंग दिला, तेव्हा साहेबांना भिंतीवरचे ओघळ खपले नव्हते. सगळ्या पन्हळी बुजवायचा हुकूम त्यांचाच. पूल वर्षभर ते पाणी पोटात घेऊन उभा होता.

वर आली तेव्हा साहेब अहवाल घेऊन उभेच होते. “झालं का तुमचं? सही करा, मला पुढे जायचंय.”

“मी चुकीचं लिहिलंय. सही करणार नाही.”

“म्हणजे? आत आहे तरी काय?”

“उतरा आणि बघा.”

साहेबांनी भोकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. “ते जरा लहान आहे.”

“मोठं करून देतो ना, साहेब,” दांडा छातीशी धरून ड्रिलवाला म्हणाला.

ती थांबली नाही. खाली जाऊन आत्याची छिन्नी-हातोडी उचलली, शिडी लावली आणि दुकानावरच्या पन्हळीतल्या सिमेंटवर घाव घालायला लागली. साहेब धापा टाकत मागोमाग आले. “हे कोणाच्या परवानगीने? तुमच्यावर कारवाई होईल!”

“करा. पण सही नाही म्हणजे नाही.”

बोळा फुटला. आधी काळं, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी दगडाच्या तोंडातून धो धो कोसळलं. काठावरची माणसं जागच्या जागी थबकली. साहेबांच्या हातातला कागद भिजून लोळागोळा झाला, तरी ते मान वर करून बघतच राहिले.

“एवढं... एवढं पाणी आत होतं?”

शिडीवर ती चिंब उभी होती, तळवा दगडाला टेकवून. आत इतका वेळ कोंडलेलं काहीतरी हलकं होत होतं, आणि ते तिला हाताला कळत होतं.

“अगं ए भवाने,” खालून आत्या थेट तिच्यावर ओरडली, “बघत काय बसलीस? टायर वाहून चालले माझे, उतर आधी!”