उत्तरेच्या भिंतीमागची सोय

सुगीच्या प्रार्थनेत तिसऱ्या कडव्यानंतर ऑर्गन थांबला. वाजवणाऱ्या मिस ॲस्क्यू मागच्या दाराने घाईघाईने बाहेर पडल्या आणि चर्चच्या आवारातल्या जुन्या यू झाडाच्या बुंध्याआड दिसेनाशा झाल्या.

असं काही झालं नाही. आमच्या नेदर ब्रॅमली गावात कोणालाही विचारा. चौथं कडवं आम्ही ऑर्गनशिवाय म्हटलं, पाचवं जरा जास्तच जोरात म्हटलं, आणि बाई हातमोजे सारखे करत परत आल्या तेव्हा सगळं गाव छताकडे बघत होतं. छत बघण्यासारखं आहेच. तिथे पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांनीही काही पाहिलं नाही.

प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी मिस ॲस्क्यूंनी मला देवापुढे मांडलेल्या भोपळ्यांच्या ढिगाआड गाठलं.

"गाइल्स, मी एक्क्याऐंशीची आहे."

"तुमच्याकडे बघून वाटत नाही हो."

"बघ म्हणून सांगितलेलं नाही. या चर्चला संडास हवा. पुढच्या सुगीपर्यंत झाला नाही, तर मी झाकण लावणार."

"संडासाचं?"

"ऑर्गनचं, गाढवा."

त्यांच्यामागे ऑर्गन वाजवणारं गावात कोणी नाही. हल्ली भजनं वाजवणारं एक यंत्र मिळतं. शेजारच्या गावाने ते घेतलं. एका दफनविधीत त्याने लग्नाची धून सुरू केली, बंद करायचं बटण कोणाला सापडेना, आणि शवपेटी त्याच तालावर बाहेर न्यावी लागली. मृताचा भाऊ म्हणे मधूनमधून पाय थिरकवत होता.

चर्चचा वॉर्डन, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा, मी. इतक्या तरुणपणी कोणी वॉर्डन होत नाही. पण मी निवडीच्या सभेला गेलो नाही, म्हणून एकमताने निवडून आलो. तेव्हा संडासाचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

नऊशे वर्षांत या इमारतीचं ज्याला जे वाटलं ते त्याने केलंय. नॉर्मनांनी बुरूज उभारला. नंतरच्यांनी उत्तरेची भिंत फोडून कमानी घातल्या. ट्यूडर काळात भिंतीवर रंगवलेल्या संतांना चुना फासला. मग सजावटीला पाप मानणारे प्युरिटन आले, त्यांनी रंगीत काचा फोडल्या. पुढे व्हिक्टोरियन काळात एका उत्साही व्हिकरने, म्हणजे गावच्या पाद्र्याने, तो चुना खरवडायला घेतला आणि संतही खरवडून काढले. यांतल्या एकानेही कोणाची परवानगी मागितली नाही. मला फक्त एक भांडं आणि एक नळ हवा होता.

"बुरुजाच्या तळाशी बसव की," आमच्या व्हिकर फिलिपा म्हणाल्या. त्यांच्याकडे सात गावांची चर्च आहेत, त्यामुळे त्या गाडीचं इंजिन चालू ठेवूनच बोलतात. "जागा रिकामीच आहे."

"रिकामी?" घंटा वाजवणाऱ्यांचे म्होरके डेस्मंड थ्रेल उसळले. "आम्ही काय खांब आहोत का? अरे पोरा, तिथे दोर धरून आम्ही उभे असतो. शेजारी कोणी मध्येच पाणी सोडलं, तर ताल चुकेल!"

"तालात सोडायला सांगू."

थ्रेलकाका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एवढाच काय तो फायदा.

मग बिशपच्या कार्यालयाची जुन्या वास्तूंची समिती आली. तिघांनी भिंतींवर तळवे टेकून डोळे मिटले. बुरूज नाही, तो नॉर्मन. उत्तरेच्या कमानींखाली नाही, फरशीत थडगी आहेत. मी त्यांना व्हिक्टोरियन काळातल्या सामानाच्या खोलीत नेलं.

"ही तर कुरूप आहे," मी मोठ्या आशेने म्हणालो.

"फारच," अध्यक्ष म्हणाले. "पण इतका अस्सल कुरूपपणा आता कुठे बघायला मिळतो?"

अखेर उत्तरेच्या भिंतीबाहेर, खाजऱ्या झुडपांत, परवानगी मिळाली. अट एकच: खणताना पुरातत्त्वाच्या तज्ज्ञ हजर हव्यात. त्या डॉ. मेरिएल स्टोक. मजूर गुडघाभर खणतात न खणतात तोच त्या "थांबा!" म्हणून ओरडल्या, स्वतःच खड्ड्यात उतरल्या आणि ब्रशने माती झाडू लागल्या. खाली दगडी चौकट निघाली. चौकटीवर दगडी बैठक. बैठकीला मधोमध गोल भोक. मागे भिंतीत एक बुजवलेलं दार.

"काय आहे हे?" व्हिकर फिलिपांनी विचारलं. त्या दिवशी त्यांनी इंजिनसुद्धा बंद केलं होतं.

स्टोकबाईंचे डोळे भरून आले. "संडास. पाद्र्यांसाठी बांधलेला, चौदाव्या शतकातला. आणि अख्खा!"

"म्हणजे जागा आम्ही बरोबर निवडली," मी म्हणालो.

समितीचा निर्णय आला: इथे संडास आहे, सबब इथे संडास बांधता येणार नाही. भोवती कठडा लागला, माहितीचा फलक लागला. बसभरून माणसं येऊ लागली. कठड्याला टेकून ती भोकाकडे आदराने बघत, टोप्या काढत, आणि मग वळून मला विचारत, "इथे संडास कुठे आहे हो?"

सुगीची प्रार्थना जवळ आली तेव्हा मिस ॲस्क्यूही येऊन कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी फलक पूर्ण वाचला.

"साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याची सोय होती म्हणायची."

"होती."

"आणि माझी?"

त्यांनी ऑर्गनची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रविवारी ते भजनांचं यंत्र आण जा. मी मागच्या बाकावर बसेन. दाराजवळ."

"तुम्ही वाजवा हो. कोणी काही बघणार नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "गेली सुगी मला अजून कोणी विसरू दिलेली नाही. सगळे इतके निष्ठेने छताकडे बघतात."

त्या गेल्यावर मी फलक पुन्हा वाचला. शेवटची ओळ समितीनेच लिहिली होती: जुनी वास्तू जपण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे तिचा मूळ उपयोग चालू ठेवणे. मी किल्ली खिशात टाकली आणि तिथेच कठड्यावर कागद टेकवून लिहायला घेतलं:

'प्रति, मा. अध्यक्ष. समितीच्या फलकावरील धोरणास अनुसरून, उत्तरेच्या भिंतीलगतच्या चौदाव्या शतकातील शौचकूपाचा मूळ उपयोग, केवळ मिस ॲस्क्यू यांच्यापुरता, रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळेत, सभोवती पडदा लावून व पर्यटकांना बसमध्येच थांबवून, पूर्ववत सुरू करण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'