फोटोच्या कोपऱ्यातलं अर्धं चाक

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझं एक चाक वाकडं चालतं, हातांवरचं रेक्झिन फाटलंय आणि हल्ली मी माळ्यावर पडून असते. पण मित्रांनो, एके काळी मी रोज शाळेत जात होते.

मी मोठ्या माणसाच्या मापाची. मला आणलं मात्र सात वर्षांच्या मुलीसाठी. तिची आत्या दुकानात म्हणाली होती, "वाढत्या अंगाचीच घ्या. पोर काय एवढीच राहणारे?" फ्रॉक घ्यावा तशी मला घेतली. माझ्यात ती पोर इकडून तिकडे घरंगळायची, म्हणून तिच्या आईने जुन्या चादरीचा रुंद पट्टा शिवून माझ्या पाठीला पक्का केला.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. आजारात पाय गेले, तेव्हा आत्याने ते नाव बंद करायला सांगितलं. बरं दिसत नाही म्हणे. भिंगरीने ऐकलं नाही. माझी चाकं उलटसुलट फिरवून ती अशी गरगरायची की नाव तिलाच शोभायचं.

चौथीत वर्गाचा फोटो ठरला. तिला तो माझ्यात बसूनच हवा होता. आदल्या दिवशी तिने माझी दांडी न् दांडी पुसली, चाकाला लाल रिबीन बांधली. वर्षभरात तिने एकदाही शाळा बुडवली नव्हती.

फोटोवाल्याने डोळा बारीक केला आणि म्हणाला, खुर्ची हटवा, दवाखान्यासारखं दिसतंय.

"बाई, मी हिच्यातच बसते ना," भिंगरी म्हणाली. "हिला पट्टा आहे."

"अगं, बांधून घातल्यासारखं दिसतं ते. दोन मिनिटं इतरांसारखी बस की. का सगळ्यांचा फोटो बिघडवायचाय तुला?"

बाई हे अगदी मायेने म्हणाल्या. तेच मला जास्त लागलं.

शिपायाने भिंगरीला पोत्यासारखं उचलून साध्या लाकडी खुर्चीवर ठेवलं. मला पायाने ढकलत कडेला, झाडूंपाशी नेलं. फोटोवाला म्हणाला, हसा. मग धप्पकन आवाज झाला. मुलं हसतच राहिली. हसायला सांगितलं होतं ना.

भिंगरीच्या हनुवटीला चार टाके पडले. ते पडत होते तेव्हा इकडे दुसरा फोटो काढूनही झाला.

फोटो घरी आला. खाली नावांच्या ओळी होत्या आणि शेवटी छापलं होतं : गैरहजर. त्यापुढे एकच नाव. आईने शाळेत जाब विचारला, तर मोठ्या बाई म्हणाल्या, तिचा वेगळा काढू की, छान मोठा.

भिंगरीने मात्र फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. झाडूंशेजारी माझं अर्धं चाक दिसत होतं, रिबिनीसकट.

"आई, खुर्ची आलीय बघ," ती म्हणाली. "मीच नाहीये."

मी तिच्या मापाची झाले, तोवर मोडकळीला आले होते. आता तिच्याकडे स्वतःच्या मापाची खुर्ची आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. कुणी अशा खुर्चीत बसलेलं दिसलं, तर खुर्चीला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला, तर हात मागे घ्या.

तो फोटो शाळेच्या जिन्यात, वरच्या वळणावर लावलाय. तिथवर भिंगरीला कधीच जाता आलं नाही. तुम्ही जाल, तेव्हा त्या एका शब्दावर काट मारून या.