बंद केलंस ना?

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडलेला हा तळहाताएवढा टेपरेकॉर्डर तुम्ही पाहिलात, तर खेळणं समजून उचलाल. माझी लाल कळ झिजून गुलाबी झाली आहे. ती कशी झिजली, ते सांगतो.

दुकानाच्या काचेमागे मी वर्षभर बसून होतो. एके दिवशी मंत्र्याच्या कचेरीतल्या एका लघुलेखकानं मला विकत घेतलं. त्याच्या भाचीला वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. बापाविना राहिलेल्या त्या मुलीला त्यानंच वाढवलं होतं.

"घे," मामा म्हणाला. "माझी बडबड तू कधी ऐकली नाहीस. हा तरी ऐकेल."

"तुझी बडबड? दोन दिवसांत ह्याचे सेल संपतील, मामा!"

दोघं पोट धरून हसली. तसं हसणं त्या घरात मी पुढे फार दिवस ऐकलं नाही.

काय दिवस होते ते! सभा, मोर्चे, विश्रामगृहांच्या पायऱ्या. ती मला पुढाऱ्यांच्या तोंडापुढे धरी आणि तिचं कौतुक झालं की मलाच पाठीवर थाप पडल्यासारखं वाटे. कार्यालयातून कॅसेटी मोजक्याच मिळत. एकीवरच पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रण चाले. काल एकानं दिलेला शब्द आज दुसऱ्याच्या शब्दाखाली गाडला जाई आणि कुणाला काही वाटत नसे.

तिची एक सवय मात्र फक्त मला ठाऊक होती. समोरचा माणूस "हे छापायचं नाही हं" म्हणाला, की ती मला टक्‌कन बंद करी, पिशवीत टाकी आणि पिशवीतल्या पिशवीत अंगठ्यानं लाल कळ पुन्हा दाबी.

मग तो पूल कोसळला. अकरा माणसं गेली. मामाचा मंत्री म्हणाला, पूल धोक्याचा आहे असं मला कुणी कळवलंच नव्हतं. त्या रविवारी दुपारी मामा तिच्या घरी आला, तेव्हा ती माझ्यावरून एक भाषण कागदावर उतरवत होती.

"खोटं बोलतोय गं तो. पूल धोक्याचा आहे असं कळवणारं टिपण मीच टाइप केलं होतं. माझ्यासमोर वाचलं त्यानं." मामा थांबला. "बंद केलंस ना ते?"

"हो रे मामा."

टक्‌ आवाज त्यानं ऐकला. पुढचं सगळं मी पिशवीतून ऐकलं.

बातमी आली. तीत मामाचं नाव नव्हतं. मंत्र्यानं सगळं नाकारलं. संपादक म्हणाले, "पुरावा आण, नाहीतर उद्या माफी छापू." त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मंत्र्याच्या पत्रकार परिषदेत तिनं मला भर टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. मी काय करणार? माझ्या पोटात दुसरा आवाजच नव्हता.

"अरे, हा तर साहेबांचा स्टेनो!" मागून कुणीतरी हसलं.

मंत्र्यानं राजीनामा दिला. मामाला घरी बसवलं, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. तो एकदाच तिच्या दारात आला, बसला नाही.

"मी विचारलं होतं गं तुला," एवढंच म्हणाला.

तिला पुरस्कार मिळाला. आठ महिन्यांत मंत्रीही परतला, आधीपेक्षा मोठं खातं घेऊन, आणि पहिली मुलाखत त्यानं तिलाच दिली. "तुमच्यासारख्यांना जवळ ठेवलेलं बरं," म्हणून खदखदून हसला. त्या दिवशी माझ्या पोटात मामाचीच कॅसेट होती. मुलाखत अर्धी झाल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्यानंतर लोक तिला म्हणू लागले, "बाई, पिशवी बाहेर ठेवून या." मग "या" म्हणणंही थांबलं. नोकरीची शेवटची वर्षं तिनं निधनवार्ता लिहिण्यात काढली. मामाचीही तिनंच लिहिली. चार ओळींची.

वर्षभरानं मामेबहीण आली. "ताई, बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही गं. तुझ्याकडे तरी असेल. माझ्या पोरीला ऐकवायचाय."

ताईनं माझ्यात सेल घातले. चाळीस मिनिटं मंत्री बोलला, हसला. मामेबहीण माझ्यावरची नजर न काढता बसून होती. मुलाखत संपली. थोडी खरखर झाली आणि तिच्याखालून मामाच्या बोलण्याचं उरलेलं शेपूट बाहेर आलं.

"चल, किती वेळ माझंच पुराण! आता चालू कर गं तुझं यंत्र. काम खोळंबलं असेल तुझं."

मामेबहिणीनं मला स्वतःच्या हातानं बंद केलं. कॅसेट तिनं मागितली नाही. ती अजून माझ्यातच आहे.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना जपा. धूळ पुसा, सेल काढून ठेवा. पण कुणी भरवशानं "बंद केलंस ना?" असं विचारलं, तर आधी खरंच बंद करा. आम्हांला कान आहेत, पण ते आमचे आम्हांला मिटता येत नाहीत.