सासऱ्यांनी थुंकलेली वाइन

तळघरातली जुनी पिंपं हलवताना मेख्टिल्डला भिंतीलगत बारा बाटल्या सापडल्या. लेबल एकीवरही नव्हतं. रविवारी दुपारी त्यातली एक तिनं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि आईला विचारलं, ही कुणाच्या वेळची?

इर्मट्राउडनं बाटली लगेच ओळखली. पण ती उकडलेले बटाटे सोलत राहिली.

समोर तिचे सासरे गॉटफ्रीड बसले होते. वय त्र्याण्णव. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या त्या गावात वाइनच्या बाबतीत त्यांची जीभ म्हणजे शेवटचा शब्द.

चौऱ्याऐंशी साली उन्हाळा असा झालाच नव्हता. इर्मट्राउडचा नवरा आल्बान पाय मोडून इस्पितळात पडलेला. सासऱ्यांनी वरच्या चढावरची आंबटच राहिलेली द्राक्षं पाखरांना सोडून दिली. सव्वीस वर्षांच्या इर्मट्राउडला ते बघवेना. नोव्हेंबरच्या गारठ्यात पाठीला टोपली बांधून तिनं एकटीनं ती उतरवली आणि एक लहान पिंप भरलं. वसंतात सासऱ्यांनी घोट घेतला, दाराबाहेर थुंकला, आणि व्हिनेगरसारखी सॅलडवर शिंपडायला बरी आहे म्हणाले. तिनं निमूटपणे बाटल्या भरल्या, मागे सारल्या. पुढे आल्बान बरा झाला, मेख्टिल्ड झाली, आणि काही वर्षांनी आल्बान गेलाही. बाटल्या तिथंच राहिल्या.

बूच तुकड्यातुकड्यानं निघालं. पेल्यात वाइन उतरली ती पिकल्या गव्हाच्या रंगाची. वास मधाचा, सुकवलेल्या जर्दाळूचा, आणि मागून किंचित रॉकेलचा, रीसलिंग द्राक्षांच्या जुन्या वाइनला येतो तसा. इर्मट्राउडनं घोट जिभेवर धरला. आंबटपणा गेला नव्हता, पण आता तो बोचत नव्हता. त्यानंच तर वाइनला इतकी वर्षं तग धरायला लावला होता. गिळल्यावरही चव कितीतरी वेळ तोंडात रेंगाळली.

सासऱ्यांनी पेला दुसऱ्यांदा पुढे केला.

"ही माझ्या वडिलांची," ते म्हणाले. "असा हात आता कुणाचा राहिला नाही."

"माझी आहे, मामंजी. चौऱ्याऐंशीची. तुम्ही थुंकलात ती."

मेख्टिल्ड हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागली. म्हाताऱ्यानं पेला उजेडात धरला, आणखी एक घोट घेतला, अगदी सावकाश.

"माती खाल्ली मी," ते म्हणाले. "आणि तू चाळीस वर्षं मला ती खाऊ दिलीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग नातीला त्यांनी बजावलं की उरलेल्या बाटल्यांना लेबलं लाव, आणि त्यांवर तुझ्या आईचं नाव घाल, माझं नको.

जेवण उरकून सगळी अंगणातल्या बाकावर उन्हात बसली. खाली नदीतून एक मालवाहू बोट हळूहळू वरच्या गावाकडे चालली होती. सासऱ्यांचा डोळा लागला. इर्मट्राउडच्या हातातला पेला उबदार झाला होता, आणि त्याला आता भाजलेल्या सफरचंदाचा वास येत होता. तिला कसलीच घाई नव्हती.