दाराच्या लाकडाची गिटार

"आरोपीच्या राहत्या घरातून चोरट्या सागवानाची एक कोरीव वस्तू, तारांसह, जप्त करण्यात आली; मालाचे मूळ लपविण्याच्या उद्देशाने आरोपीने त्यावरील सरकारी हातोड्याचा शिक्का नष्ट केल्याचे दिसून आले."

डिसेंबर १९८६च्या पंचनाम्यातील हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याच्याविषयी आणखी काही चांगले बोलणे कठीण.

'चोरट्या' म्हणजे काय, ते आधी पाहू. सागवानाची ती फळी वनखात्याच्या लाकूड डेपोतूनच आली होती. पावतीवर तारीख, लांबी, रुंदी आणि 'दाराकरिता' हा शब्द होता. डेपोतल्या रोजंदाराने, झिंगूने, सर्वांसमक्ष तिच्यावर हातोडा मारून विक्रीचा सरकारी शिक्का उमटवला होता. 'लपविण्याच्या उद्देशाने' असे म्हणावे, तर वस्तू पडवीत खुंटीला टांगलेली होती आणि रस्त्यावरच्या कोणालाही दिसत होती. राहिला 'आरोपी'. श्रावण खोब्रागडे नागभीडच्या आसपासच्या शेतांतले पाण्याचे पंप दुरुस्त करी. हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरे, बैल धावत आणि पाठोपाठ नाटके होत, तेव्हा तो रामाजींच्या नाटक मंडळीत पडद्यामागे माईकच्या वायरी सांभाळी. अकरा वर्षे. वाद्यवाल्यांच्या सतरंजीवर तो कधी बसला नव्हता. त्याला तसे कोणी म्हटलेच नव्हते.

गिटारवाला नागपूरहून येई. त्याचा अॅम्प्लिफायर बिघडला, की श्रावण दुरुस्त करी. अशाच एका दुपारी गिटारवाला जेवायला गेला असताना श्रावणने गिटारीच्या दांड्यावर वर्तमानपत्राची पट्टी अंथरली आणि प्रत्येक पडद्याची, म्हणजे सुराच्या आडव्या पट्टीची, जागा पेन्सिलीने टिपली. त्या पट्टीवरून त्याने घरी गिटार बांधली. दाराची फळी कापून तिचे धड आणि दांडा केला. पडद्यांसाठी सायकलीचे स्पोक घासून बसवले. फुटक्या स्पीकरचे चुंबक काढले आणि जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून केसासारखी बारीक तार उकलली. ती चुंबकाभोवती हजारो फेरे गुंडाळायची होती आणि मोजायला कोणी नव्हते. तेव्हा बायको मनकर्णा समोर येऊन बसली. ती उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून ठेकेदाराच्या फडीवर विकायला नेई, आणि तेंदूचा पुडा सत्तर पानांचा. तिने सत्तर फेऱ्यांना एक चिंचोका बाजूला टाकला. शंभर चिंचोके झाले तेव्हा म्हणाली, "झाले शंभर पुडे. आता फडीवर नेता का याले?"

दाराच्या चौकटीत बांबूची तट्टी लागली. तिची तक्रार मनकर्णाने केली नाही, शेजाऱ्यांनी केली.

रामाजींनी वाद्य ऐकले, दोनदा वाजवून घेतले, आणि येत्या पटाला सतरंजीवर बसायला सांगितले. त्या नाटकाला पाच दिवस उरले असताना जीप आली. कोणीतरी कळवले होते, की मेकॅनिकच्या घरी वायरलेस आहे. गडचिरोलीच्या बाजूला त्या काळात नक्षलवाद्यांच्या संशयाला एवढा शब्द पुरे होई. पोलिसांनी गिटार उलटीपालटी केली, तार छेडली, आणि हे वायरलेस नसल्याचे मान्य केले. परंतु निघालेली जीप रिकामी परतणे शासनाच्या प्रकृतीस मानवत नाही. सोबत आलेल्या वनाधिकाऱ्याने लाकूड नखाने खरवडले. वायरलेस ठरत नाही म्हटल्यावर ते सागवान ठरले.

दोन दिवसांनी वनखात्याच्या कार्यालयात श्रावणने पावती पुढे केली. अधिकाऱ्याने ती शांतपणे वाचली.

"दाराकरिता, असं लिहिलंय. हे दार आहे?"

"नाई साहेब."

"शिक्का कुठे आहे?"

श्रावणने झिंगूकडे बोट दाखवले. याच माणसाने मारला होता, त्याले विचारा, म्हणाला. झिंगू कोपऱ्यात हातोडा मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या रोजंदारीची नोंद दर महिन्याला याच अधिकाऱ्याच्या सहीने पुढे सरकत असे.

"रोज शंभर लाकडं येतात, भाऊ," झिंगू जमिनीकडे पाहत म्हणाला. "मले याद नाई."

मग अधिकाऱ्याने उदारपणा दाखवला. फळी जंगलातून उचलली, अज्ञानाने चूक झाली, एवढे लिहून दे. किरकोळ दंडावर प्रकरण मिटेल आणि वस्तू आजच घरी ने. नाहीतर ती मुद्देमाल म्हणून कोठारात जाईल आणि खटला निघेल तेव्हा निघेल. मजकूर कारकुनाने तयारच ठेवला होता. ज्याच्याजवळ पावती आहे त्याने स्वतःला चोर म्हणावे, म्हणजे त्याला त्याची वस्तू परत मिळेल: या सौद्यात सरकारचे काहीच जाणार नव्हते.

श्रावणने कागद हातात घेतला. पट तीन दिवसांवर होता. बाहेर पायरीवर मनकर्णा बसली होती. तो तिला विचारायला गेला. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"चोर म्हणून बसान का तुमी त्या सतरंजीवर?"

तो आत आला. तयार मजकूर त्याने टेबलावर ठेवला आणि कोरा कागद मागितला. कारकून म्हणाला, मी लिहितो, तुझी भाषा कोर्टात चालणार नाही. श्रावण म्हणाला, चालो न चालो, माझी आहे. अधिकारी हसला आणि त्याने कागद द्यायला सांगितले. आरोपी स्वतःच्या हाताने कबुली देत असेल तर त्याला कशाला अडवायचे?

गिटार त्या दिवशी कोठारात गेली. फाईलमध्ये पंचनाम्याखाली तो कागद आहे. त्यावर असे लिहिले आहे:

"मी श्रावण लहानू खोब्रागडे, पंप मेकॅनिक, लिहून देतो का लाकूड डेपोतून दारासाठी आणलं. दार केलं नाई. गिटार केली. शिक्का मीच रंध्यानं काढला. तो दांड्याच्या मागं, बरोबर अंगठा येते त्या जागी होता. तिथी खरबुडं राह्यलं असतं तर हात वरतं सरकला नसता. रंधा मारताना मले सुराची याद होती, सरकारची नवती. हा गुन्हा मले कबूल हाये."